शुद्धीवर असण्याची शिक्षा

आत्महत्या किंवा दयामरणाचा विषय निघाला की ख्रिस्ती माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं: जीवन ही देवाची देणगी आहे, ती परत करण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रवचनात येतं, पॅरिशच्या मासिकात येतं, टीव्हीवरच्या चर्चेला चर्चचा प्रतिनिधी बसला असेल तर पहिल्या मिनिटाला येतं. वाक्य वापरून इतकं गुळगुळीत झालंय की ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय, याची चौकशी बोलणाऱ्यालाही करावीशी वाटत नाही. त्याच्या मागून बाकीचा लवाजमा चालत येतो. बायबलमध्ये आत्महत्येला मनाई आहे. चर्च पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलं आहे. दुःख हा क्रूस आहे आणि क्रूस मधेच खाली ठेवायचा नसतो. उपचार थांबवणं वेगळं, मारणं वेगळं. आणि एकदा का दार किलकिलं केलं, की म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांना त्यातून बाहेर ढकलायला लोक टपलेलेच आहेत.

मी हे बाहेरून ऐकत नाही, रविवारी मिस्सेला बाकावर बसून ऐकतो. म्हणून चीड जास्त येते. परक्याचा युक्तिवाद कच्चा निघाला तर आपण हसतो, घरचा निघाला तर मान खाली जाते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तीच काठी माझ्या पाठीत बसेल. नैराश्याने घेरलेला वीस वर्षांचा मुलगा आणि बरा न होणाऱ्या आजारात यंत्राच्या जोरावर श्वास घेणारा साठीचा माणूस, यांची गोष्ट एक नाही. पहिल्याला धरून ठेवायचं, त्याच्याजवळ बसायचं, डॉक्टरकडे न्यायचं, वाचवायचं. त्याला मरणाचा हक्क शिकवणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. पण या दोघांना एका दावणीला बांधलं कोणी? चर्चनेच. १९९२च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथात, खून करू नकोस या पाचव्या आज्ञेखाली परिच्छेद २२७६ ते २२७९ दयामरणाबद्दल आहेत आणि लगेच २२८० ते २२८३ आत्महत्येबद्दल. भिंतीला भिंत लागून. या शेजाराकडे मी पुन्हा येणार आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे.

बायबलचं आधी उरकून घेऊ. स्वतःचा जीव घेणारी माणसं त्यात थोडीथोडकी नाहीत: अबीमलेख, शौल राजा, त्याचा शस्त्रवाहक, अहिथोफेल, जिम्री, शमशोन, यहूदा. यांपैकी एकाच्याही बाबतीत मजकूर थांबून असं म्हणत नाही की याने जीव दिला हे पाप केलं. शौल गेला तेव्हा दाविदाने विलाप केला, याबेश-गिलादचे वीर रात्रभर चालून त्याचा देह घेऊन आले, अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. अहिथोफेलला बापाच्या कबरीत जागा मिळाली. शमशोनाचं नाव तर नव्या करारात, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, श्रद्धावंतांच्या मालिकेत सन्मानाने आलं आहे. कोणत्या प्राण्याचं मांस खावं आणि कोणत्या दोन धाग्यांचं कापड अंगावर घालू नये, हे ज्या ग्रंथात नेमकेपणाने सांगितलं आहे, त्याला एवढा एक नियम लिहायला जागा पुरली नाही का? खून न करण्याची आज्ञा स्वतःलाही लागू होते, हा नंतर लावलेला अर्थ आहे. तो लावायला हरकत नाही, पण अर्थ लावणारा माणूस असतो, हे विसरायला मात्र हरकत आहे.

तो माणूस म्हणजे ऑगस्टीन. आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ही मनाई ज्यांच्या तोंडी सतत असते त्यांनी तिचा जन्म कसा झाला हे बहुधा वाचलेलं नसतं.

इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, बलात्कार झाले. रोमन संस्कृतीचा अशा स्त्रियांसाठीचा आदर्श ठरलेला होता: लुक्रेशिया. अत्याचारानंतर तिने स्वतःला संपवलं आणि शतकानुशतकं रोम तिचे गोडवे गात राहिलं. मग ख्रिस्ती बायकांना टोमणे सुरू झाले, की तुम्ही अजून जिवंत कशा? ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ऑगस्टीन या बायकांच्या बाजूने उभा राहतो. त्याचा मुद्दा असा: देहावर जबरदस्ती झाली, मनाने होकार दिला नाही, मग शील गेलं कुठे? आणि ते गेलंच नसेल तर मरायचं कशासाठी? लुक्रेशिया निर्दोष होती असं म्हणता ना, मग तिच्या हातून एक निर्दोष स्त्री मारली गेली, तिचा गौरव कसला करता? (लुक्रेशियाच्या मनात डोकावून त्याने पुढे जे कुजकट तर्क केले आहेत ते मला बिलकूल पटत नाहीत, पण आत्ता तो वाद नको.) आपल्या गावात, आपल्या वर्तमानपत्रात, बलात्कार झालेल्या मुलीचं ‘सगळं संपलं’ असं आजही म्हटलं जातं. सोळाशे वर्षांपूर्वी एक बिशप लिहीत होता की काहीही संपलेलं नाही. त्याला आणखी एक अडचण होती. उत्तर आफ्रिकेत दोनातिस्त पंथातले काही जहाल लोक हुतात्मा होण्याच्या हट्टापायी कड्यावरून उड्या टाकत. त्यांनाही आवरायचं होतं.

आत्महत्येविरुद्धची ख्रिस्ती विचारांतली पहिली भक्कम मांडणी ही अशी जन्माला आली. जिवंत बायकांना ‘जगा’ म्हणण्यासाठी. ती करणाऱ्याने आधी त्यांच्यावर काय गुदरलं आहे याची दखल घेतली होती.

पण नियम लिहिता लिहिताच ऑगस्टीनला ठेच लागली. अँटिऑकची पेलागिया ही मुलगी सैनिक दाराशी आल्यावर त्यांच्या हाती लागण्याऐवजी मरण पत्करते, आणि चर्च तिला संत मानून तिचा सण पाळतं. ज्याने ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला त्या अँब्रोजनेच तिची स्तुती लिहून ठेवलेली. आता काय करणार? ऑगस्टीन म्हणतो, देवाने तिला आतून आज्ञा दिली असेल, आपल्याला काय ठाऊक. शमशोनालाही त्याने याच वाटेने सोडवलं. म्हणजे नियम जन्मला त्याच पानांवर त्याला अपवादही जन्मला, आणि तो अपवाद असा की बाहेरच्या कोणालाही तो तपासता येणार नाही. पेलागियाच्या आत काय चाललं होतं हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून न्याय करू नये, ठीक. हा विनय नंतर कुठे गेला?

कारण नंतर जे झालं ते वाचवत नाही. सहाव्या शतकात ब्रागाच्या धर्मसभेने आत्महत्या करणाऱ्यांच्या अंत्ययात्रेत स्तोत्रं म्हणायला आणि मिस्सेत त्यांची आठवण करायला बंदी घातली. फ्रान्समध्ये १६७०च्या राजाज्ञेनुसार प्रेतावर खटला भरत आणि ते रस्त्यातून फरफटत नेत. इंग्लंडमध्ये मालमत्ता राजा जप्त करी आणि देह चव्हाट्यावर, छातीत खुंटी ठोकून पुरत. ती प्रथा कायद्याने बंद व्हायला १८२३ साल उजाडावं लागलं. जी मनाई जिवंतांना वाचवायला निघाली होती ती मेलेल्यांवर चालवली जाऊ लागली, आणि तिचा मार बसला तो विधवांना आणि पोरक्या मुलांना.

लोकांना हे सहन होत नव्हतं, म्हणून लोकांनी पळवाट शोधली. इंग्लंडमधले ज्युरी सरसकट निकाल देऊ लागले की मयत व्यक्ती भ्रमिष्ट होती. भ्रमिष्ट ठरली की मालमत्ता वाचे आणि चर्चच्या आवारात जागा मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा निकाल जवळजवळ नेहमीचाच झाला होता. त्या ज्युरींची दया मला कळते. पण या दयेची अट ध्यानात ठेवा: आधी तुमच्या माणसाला वेडा म्हणू द्या, मग आम्ही त्याला माणसासारखं पुरू.

आता ती देणगी. हा सगळ्यात लोकप्रिय मुद्दा, म्हणून तेराव्या शतकात तो ज्याने रेखीव करून ठेवला त्या थॉमस अक्वायनसकडेच जाऊ. त्याने तीन कारणं दिली. स्वतःवर प्रेम करणं हा निसर्ग आहे, हे पहिलं. त्यात फारसा दम नाही, कारण असह्य वेदनेतला माणूस स्वतःवरच्या प्रेमापोटीच सुटका मागतो. समाजाचं नुकसान होतं, हे दुसरं, आणि ते अॅरिस्टॉटलकडून आलेलं. मरणासन्न माणूस समाजाचं नेमकं काय घेऊन जातो ते मला कळलेलं नाही. तिसरं कारण देवाचं. तिथे अक्वायनस देणगीचं नाव घेतो खरा, पण उदाहरण देतो गुलामाचं: दुसऱ्याचा गुलाम मारणारा जसा त्या गुलामाच्या मालकाचा अपराधी, तसा स्वतःला मारणारा देवाचा अपराधी.

मग ठरवा एकदा, देणगी की गुलामी? देणगी असेल तर दिल्यावर ती घेणाऱ्याची होते. मामाने भाच्याला घड्याळ दिलं आणि वर बजावलं की हे हातातून काढायचं नाही, मनगट सुजलं तरी नाही, तर तो मामा देणारा नव्हे, पाळत ठेवणारा आहे. आणि गुलामी असेल तर व्यासपीठावरून तसं सांगा. सांगा लोकांना की तुम्ही देवाची मालमत्ता आहात आणि मालाला मत नसतं. ‘देणगी’ या गोड वेष्टनात मालकीहक्काचा कागद कशाला गुंडाळता? येशूने ज्याला बाप म्हटलं, तो माझ्या ओळखीचा देव असा सावकार नाही. डेव्हिड ह्यूमने तर अठराव्या शतकातच विचारून ठेवलं होतं की आयुष्य लांबवणंही देवाच्या योजनेत ढवळाढवळ नाही का? डोक्यावर पडणारा दगड चुकवला तर ती ढवळाढवळ का नाही? अँजिओप्लास्टी करून आल्याबद्दल आभाराची मिस्सा ठेवणाऱ्या आपल्या मंडळींनी याचं उत्तर शोधावं. ह्यूम नास्तिक म्हणून नको असेल तर जॉन डन घ्या. पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा डीन झालेल्या या कवीने १६०८च्या सुमारास एक आख्खा ग्रंथ लिहिला, की आत्महत्या प्रत्येक वेळी पापच असते असं नाही. हयातीत तो छापायचं मात्र त्याने टाळलं. चर्चमध्ये काय बोलायचं आणि काय पेटीत ठेवायचं हे त्याला नीट माहीत होतं.

आणि जीव घ्यायचा अधिकार फक्त देवाचा, असं म्हणता? पोपच्या राज्यात सरकारी जल्लाद होता. जोव्हान्नी बत्तिस्ता बुगात्ती त्याचं नाव. १७९६ ते १८६४ या काळात त्याने पाचशेहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला, तोही पोपच्या सरकारचा पगार घेऊन. व्हॅटिकनच्या कायद्यातून मृत्युदंड हटला १९६९ मध्ये, आणि तो कधीच मान्य नाही असं कॅटेकिझम म्हणू लागला २०१८ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या दुरुस्तीनंतर. म्हणजे तोवर त्याच पाचव्या आज्ञेखाली, जगायला धडपडणाऱ्या माणसाचा जीव घ्यायला तत्त्वतः वाव होता, आणि मरण मागणाऱ्याला ते द्यायला नव्हता. ज्याला नको त्याला मारा, ज्याला हवं त्याला जगवा. यालाच जीवनाचं पावित्र्य म्हणायचं असेल तर मला दुसरा शब्द द्या.

दुःखाच्या क्रूसाबद्दल फार बोलत नाही, कारण स्वतः पोपच तिथे लोकांपेक्षा शहाणे निघाले. १९५७च्या फेब्रुवारीत पायस बारावे यांनी सांगितलं की वेदना शमवणारं औषध द्यावं, त्याने आयुष्य थोडं कमी झालं तरी. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला भूलतज्ज्ञांसमोर बोलताना ते म्हणाले की असाधारण उपायांनी जीव लांबवण्याचं बंधन कोणावरही नाही, श्वासाचं यंत्र काढता येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवायला आणि तसं इच्छापत्र करायला २०१८ मध्ये मान्यता दिली, ती पायस यांच्यानंतर एकसष्ट वर्षांनी. तरी व्हेंटिलेटर काढला म्हणजे बापाचा खून केला, या समजुतीत झुरणारी मुलं आपल्या पॅरिशमध्ये आहेत. फादर, हे त्यांना कोण सांगणार?

इथे प्रतिपक्ष खूश होतो. म्हणतो, पाहा, आम्ही उपचार थांबवू देतोच की, फक्त मारू देत नाही. छान. मग पिएरजोर्जो वेल्बी यांचं काय झालं ते ऐका.

वेल्बी रोमचे. स्नायूंचा क्षय करणारा आजार तरुणपणापासून, १९९७ पासून श्वासाचं यंत्र. हळूहळू देह गेला, बुद्धी शाबूत राहिली. २००६च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो यांना खुलं पत्र लिहिलं आणि हे यंत्र थांबवू द्या, अशी मागणी केली. २० डिसेंबरच्या रात्री मारिओ रिच्चो या भूलतज्ज्ञाने त्यांना गुंगीचं औषध देऊन यंत्र काढलं. विषाचं इंजेक्शन नाही, की दुसरं काही नाही. एक यंत्र काढलं. पायस बारावे ज्या भूलतज्ज्ञांशी बोलले होते त्यांच्याच व्यवसायातला माणूस, आणि त्याने केलं तेही तेच, ज्याला पायस यांनी परवानगी दिली होती. पुढच्या वर्षी न्यायालयानेही रिच्चो यांना मोकळं केलं.

वेल्बी यांच्या पत्नी मीना श्रद्धावान कॅथलिक. त्यांना चर्चमध्ये अंत्यविधी हवा होता. रोम धर्मप्रांताच्या कार्यालयाने तो नाकारला. कारण काय दिलं? तर वेल्बी यांनी आपलं जीवन संपवण्याची इच्छा वारंवार आणि जाहीरपणे व्यक्त केली होती. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, सान जोव्हान्नी बोस्को चर्चसमोरच्या चौकात, उघड्यावर, लोकांनी त्यांना निरोप दिला.

आता त्याच चर्चची पुढची गोष्ट. ऑगस्ट २०१५. वित्तोरिओ कासामोनिका, रोमच्या कुप्रसिद्ध कासामोनिका टोळीचा प्रमुख म्हणून ओळखला जाणारा माणूस, वारला. सहा घोड्यांची काळी सोनेरी गाडी आली, बॅण्डने ‘गॉडफादर’ चित्रपटाची धून वाजवली, हेलिकॉप्टरमधून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, चर्चच्या दर्शनी भागावर त्याचं चित्र लटकवून त्याला रोमचा राजा म्हटलं गेलं. आणि आत, वेदीसमोर, रीतसर अंत्यविधी झाला. बाहेरच्या तमाशाची मला कल्पना नव्हती, असं फादर म्हणाले. नसेलही. पण आतलं तर ठाऊक होतं? कासामोनिकासाठी दार उघडलं याबद्दल माझी तक्रार नाही. पापी माणसासाठी चर्चने दार उघडावंच, त्यासाठीच ते बांधलंय. वेल्बी यांच्यासाठी तेच दार का लागलं, एवढंच मला विचारायचंय.

आणखी एक अंत्यविधी सांगतो. मिलानचे माजी आर्चबिशप कार्डिनल कार्लो मारिया मार्तिनी यांना पार्किन्सन होता. शेवटच्या दिवसांत आयुष्य ओढून लांबवणारे उपचार त्यांनी नाकारले, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ते गेले. त्यांचा अंत्यविधी मिलानच्या दुओमो कॅथेड्रलमध्ये झाला, आणि व्हायलाच हवा होता. वेल्बी यांच्या वेळी यावर नीट, बारकाईने विचार करा असं लिहिणारे हेच मार्तिनी होते. दोघांनीही उपचार नको म्हटलं. एकाच्या वाट्याला दुओमो आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला चौक. ज्या भेदावर एवढी मदार, तो ‘थांबवणं’ आणि ‘मारणं’ यांतला भेद कुठे गेला? गरज नसली की पुस्तकात राहतो, गरज पडली की सापडत नाही.

वेल्बी यांचा खरा अपराध धर्मप्रांताच्या खुलाशातच उघड झाला आहे: वारंवार आणि जाहीरपणे. ते शुद्धीवर होते, विचार करून बोलत होते, आणि बोलणं लपवत नव्हते.

कॅटेकिझममधले ते शेजारी परिच्छेद आता वाचा. १९१७च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं होतं, १९८३च्या संहितेने ते कलम गाळलं. परिच्छेद २२८२ म्हणतो की गंभीर मानसिक विकार, तीव्र क्लेश, किंवा हालअपेष्टांची, दुःखाची, छळाची मोठी भीती यांमुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होऊ शकते. २२८३ सांगतो की अशांच्या तारणाची आशा सोडू नये. हे दोन परिच्छेद मला चर्चच्या उत्तम लिखाणांपैकी वाटतात. त्यांच्यामागे चॅड वॅरासारख्या माणसांचे कष्ट आहेत, निदान त्यांच्या काळाचा रेटा तरी आहे. वॅरा हे अँग्लिकन धर्मगुरू. १९३५ मध्ये त्यांनी एका किशोरवयीन मुलीचं दफन केलं. पहिल्या मासिक पाळीला ती गुप्तरोग समजली होती, विचारायला कोणी नव्हतं, आणि तिने जीव दिला. १९५३ मध्ये वॅरांनी लंडनमध्ये ‘समॅरिटन्स’ सुरू केलं. फोन उचलायचा, प्रवचन द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं. इंग्लंडमध्ये आत्महत्या हा गुन्हा असावा का, असा सवाल १९५९ मध्ये अँग्लिकन चर्चच्याच समितीने केला आणि १९६१ मध्ये कायद्याने तो गुन्हा उरला नाही.

पण मग २२७७ कडे या. दयामरण, हेतू कोणताही असो, साधन कोणतंही असो, खूनच. तिथे क्लेशाचा विचार नाही, भीतीचा नाही, जबाबदारी कमी-जास्त होण्याचा नाही. दुःखाच्या भीतीने एखाद्याने मध्यरात्री एकट्याने स्वतःचं बरंवाईट केलं तर चर्च म्हणतं, बिचारा, त्याच्या मनावर ताबा नव्हता. तेच दुःख वर्षानुवर्षं भोगून, बायकोशी बोलून, डॉक्टरशी बोलून, राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून माणसाने निर्णय सांगितला की चर्चचा चेहरा बदलतो. म्हणजे दया हवी असेल तर आधी वेडं व्हा. अठराव्या शतकातल्या कोरोनरसमोर ज्युरींनी जी अट लावली तीच अजून चालू आहे, फक्त खुंटीची जागा खुलाशाने घेतली आहे. चर्चचं नीतिशास्त्र तर म्हणतं की माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, आणि ती प्रतिमा त्याच्या बुद्धीत आणि इच्छाशक्तीत आहे. मग ती प्रतिमा जिथे सगळ्यात लखलखीत दिसते, तिथेच दार का बंद होतं?

इथे एक उत्तर मला मान्य करावं लागतं, आणि ते मी हातचं न राखता करतो. सिसिली सॉन्डर्स. १९४८ मध्ये लंडनमध्ये कॅन्सरने मरणाऱ्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यूजवळ ती बसली, त्याने तिला ५०० पौंड ठेवले, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, मरणासन्नांच्या शुश्रूषेचं घर, उभं राहिलं. सॉन्डर्स श्रद्धावान ख्रिस्ती होती आणि दयामरणाची ठाम विरोधक. वेदना नीट आवरली तर मरणाची मागणी बहुतेकदा विरते, हे तिने करून दाखवलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालं, तेही डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने आणि होली क्रॉस सिस्टर्सच्या सेवेवर. तिथे काम करणाऱ्या सिस्टर मला म्हणाल्या की दयामरण नको, तर मी मान खाली घालून ऐकेन, कारण तो अधिकार त्यांनी कमावलेला आहे. पण व्यासपीठावरून त्यांचं नाव पुढे करणाऱ्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अशा शुश्रूषेची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. उरलेल्यांना काय द्यायचं, मिस्सेतली दोन वाक्यं? शिवाय वेल्बी यांची मागणी वेदनेपुरती नव्हती. पॅलिएटिव्ह केअरने निश्चल देह हलत नाही.

आणि तो घसरडा उतार. प्रतिपक्षाच्या भात्यातला हा एकच बाण मला लागतो. कॅनडात २०१६ मध्ये कायदा झाला तो मरण जवळ आलेल्यांसाठी, आणि २०२१ मध्ये ती अट काढून टाकली गेली. मला ते घाईचं वाटतं, अपंगांच्या संघटनांनी जी भीती बोलून दाखवली ती खरी वाटते. पण हा मुद्दा कायदा कसा लिहावा याचा आहे. तो पापाचा नाही, आणि पाचव्या आज्ञेचा तर नाहीच. कायद्याच्या भीतीला धर्मशास्त्राचा झगा घालू नका. दारावर पहारा कडक हवा असेल तर पहाऱ्याबद्दल बोलू. त्यासाठी वेल्बी यांचं प्रेत चौकात ठेवायची गरज काय?

२०२०च्या सप्टेंबरमध्ये व्हॅटिकनने दयामरणाबद्दल एक पत्र प्रसिद्ध केलं. त्याचं नाव दयाळू शोमरोनीवरून ठेवलं आहे. त्यात सांगितलंय की साहाय्यित मृत्यूचा निर्णय ज्याने घेतला आहे, त्याने तो मागे घेईपर्यंत त्याला संस्कार देता येत नाहीत, आणि दयामरण दिलं जाईपर्यंत धर्मगुरूने तिथे थांबू नये, कारण थांबणं म्हणजे संमती असा अर्थ निघेल. शोमरोनीची गोष्ट आपण लहानपणी पाठ केलेली आहे. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून याजक बाजूने निघून गेला होता. त्यालाही बहुधा आपल्या थांबण्याचा चुकीचा अर्थ निघण्याची भीती असावी. हे पत्र लिहिणाऱ्यांनी गोष्टीचं नाव घेतलं आणि पात्र मात्र दुसरं निवडलं. व्हॅटिकनच्याच जीवनविषयक अकादमीचे तेव्हाचे प्रमुख विन्चेन्सो पाल्या यांनी डिसेंबर २०१९ मध्ये म्हटलं होतं की अशा मरणाऱ्याचा हात मी धरेन, कोणालाही टाकून देता येत नाही. म्हणजे शोमरोनी घरात होता, त्याचं ऐकलं कोणी नाही.

दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला, जाहीर केलं की साहाय्यित मृत्यूचा पर्याय मला हवा आहे, आणि तो इतरांनाही असावा. कॅन्टरबरीचे माजी आर्चबिशप जॉर्ज केरी यांनी २०१४ मध्ये आपली आधीची भूमिका उघडपणे बदलली. त्यांना ज्याने बदलवलं ते होतं एका मरण मागणाऱ्या माणसाचं दुःख. टुटू पाखंडी होते असं म्हणायची हिंमत कोणात आहे का? वर्णद्वेषाशी लढताना त्यांचा देव चालला, मग मरताना तो का चालत नाही?

म्हणून देवाची देणगी हे वाक्य आता आवरा. मरणाच्या दारात, पूर्ण शुद्धीवर, विचार करून बोलणाऱ्या माणसाला ते उत्तर ठरत नाही. त्याचं बोलणं मधेच तोडायला त्याचा उपयोग होतो, एवढंच. ऑगस्टीनने बलात्कार झालेल्या बायकांची बाजू ऐकली, वॅरांनी फोन उचलला, सॉन्डर्स तास्माजवळ बसली. चर्चने या बाबतीत जे काही चांगलं केलं ते आधी ऐकून घेऊन केलं, आणि जे वाईट केलं ते प्रेतांशी बोलून. वेल्बी जिवंतपणी बोलले, वारंवार बोलले, जाहीरपणे बोलले. त्यांना ‘नाही’ म्हणायचं असेल तर म्हणा, कारणं द्या, वाद घाला. पण ज्या दारातून गुलाबाच्या पाकळ्या उधळत कासामोनिकाला आत नेलं, ते त्यांच्यासाठी का लागलं, याचं कारण मीना वेल्बी यांना अजून द्यायचं राहिलं आहे.